मार खातानाचा आवाज

“हा बाबा नाहीये.”

दारात कुणीतरी अनोळखी उभं आहे हे सांगावं, तितक्याच साधेपणाने जुई म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून गवार मोडत होते. तिथून टीव्हीही दिसायचा आणि टीव्हीपुढे मांडी घालून बसलेली माझी सहा वर्षांची मुलगीही. ती जागा मी मुद्दाम धरली होती. गेले सहा आठवडे संध्याकाळी सहा वाजता मी तिथेच बसत होते.

पडद्यावर झंझावात एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभा होता. निळा अंगरखा, चांदीचा मुखवटा, मागे धूर. “लांब व्हा सगळे, आता वारा सुटणार,” तो म्हणाला. वाक्य तिच्या बाबाचं, यतीनचं होतं. मूळ परदेशी मालिकेत तो भलतंच काही म्हणायचा. त्याच्या ओठांच्या हालचालीवर हे वाक्य बसवायला यतीनने तीन रात्री घालवल्या होत्या. वाक्य तेच होतं, पण आवाज दुसऱ्याचा.

“सर्दी झाली असेल,” मी म्हणाले.

“सर्दी झाली तरी बाबा बाबासारखाच बोलतो.”

मी गवारीकडे बघत राहिले. हा दिवस येणार हे मला तारखेनिशी माहीत होतं. कॅलेंडरवर मी त्या दिवसाभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल काढून ठेवला होता आणि त्या दिवसाआधी तिला सांगून टाकायचं, असं रोज ठरवत होते.

यतीन मे महिन्यात गेला. सकाळी दाढी करता करता बसला आणि मग आडवा झाला. चौतीस वर्षांचा होता. जुई तेव्हा सुट्टीसाठी नाशिकला माझ्या भावाकडे होती. “एवढ्यात आणू नकोस तिला,” दादा फोनवर म्हणाला, “लहान आहे. सगळं आटोपू दे, मग हळूहळू सांग.” सगळं आटोपलं. सासूबाई कुडाळला परत गेल्या. दादा जुईला घेऊन आला, एक रात्र राहिला आणि गेला. तिने आल्या आल्या विचारलं, बाबा कुठे? मी म्हणाले, सांगते, आधी हातपाय धू. ती हातपाय धुऊन आली, तेव्हा सहा वाजले होते. तिने टीव्ही लावला. झंझावात यतीनच्या आवाजात म्हणाला, “लांब व्हा सगळे.”

“अच्छा, कामावर आहे,” जुई म्हणाली आणि मांडी घालून बसली.

मी नाही म्हणाले नाही. माझं खोटं एवढंच होतं, एका न उच्चारलेल्या शब्दाचं. हैदराबाद, मोठा स्टुडिओ, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, हे सगळं पुढच्या आठवड्यात एकेक करून त्याला जोडलं गेलं. मी मानसशास्त्रात बी.ए. केलेलं आहे. लहान मुलांना मृत्यू कसा सांगावा, यावर माझ्या कपाटात एक अख्खं पुस्तक होतं, खुणा केलेलं.

डबिंगमध्ये भाग आधीच भरून ठेवतात. यतीनचा रेकॉर्डिस्ट निनाद करगुटकर भेटायला आला होता, तेव्हा मी त्याला विचारलं होतं, किती आहेत? तो चपापला. “एकतीस आहेत वहिनी,” म्हणाला, “सोमवार ते शुक्रवार धरले तर जुलैच्या मध्यापर्यंत जातील.” नवरा जाऊन सोळा दिवस झालेली बाई भागांचा हिशेब का विचारते, ते त्याने विचारलं नाही.

तर तो जुलैचा मध्य होता आणि जुई टीव्हीकडे मान तिरकी करून बघत होती. एक लोखंडी राक्षस आला. त्याने झंझावाताच्या पोटात बुक्की मारली.

“हुंऽक्—”

जुईची मान सरळ झाली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

राक्षसाने त्याला उचलून भिंतीवर फेकलं. पुन्हा तोच आवाज, या वेळी लांब, शेवटी दातांत दाबून धरलेला.

“हा बाबा,” जुई म्हणाली.

तोच होता. माझी चूक होणं शक्य नव्हतं आणि तिची तर त्याहून नाही. हे आवाज त्याने आमच्या घरात बसवले होते. जुईच्या हातात उशी द्यायचा आणि म्हणायचा, “मार पोटात. आता पाठीत. आता मी जिन्यावरून पडतो.” ती मारायची आणि तो प्रत्येक माराचा वेगळा आवाज काढून दाखवायचा. पोटाचा आखूड, पाठीचा घुमणारा. चुकीचा निघाला तर तीच सांगायची, “हा पाठीचा नव्हता, परत.”

मग झंझावात उठला, आणि बोलला तो पुन्हा परक्या आवाजात. भाग संपेपर्यंत असंच चाललं. बोलणारा एक, मार खाणारा दुसरा. जुईने टीव्ही बंद केला आणि रिमोट जागेवर ठेवला. रोज ती भाग संपला की मला सगळी गोष्ट परत सांगायची. त्या दिवशी तिने सांगितली नाही.

खरं म्हणजे तोवर ती मालिका बघण्यासारखी राहिलीच नव्हती. पहिल्या पर्वात झंझावाताला आई होती, भीती होती, एकदा तो चुकीच्या माणसाला वाचवतो आणि दोन भाग नुसता गच्चीवर बसून विचार करतो. यतीनला तो भाग फार आवडायचा. दुसऱ्या पर्वापासून तिकडच्या लोकांनी हात आखडता घेतला असावा. तीच इमारत तीनदा पडायची. राक्षसाला नुसता रंग बदलून परत आणायचे. “आता गोष्टच उरली नाही गं,” यतीन म्हणायचा, “बोलायला चार वाक्यं आणि मार खायला वीस मिनिटं.”

वरच्या मजल्यावरची ग्रीष्मा दहा वर्षांची होती आणि तिचं मत ती कुणी न विचारता सांगायची. शनिवारी ती आमच्याकडे खेळायला आली.

“काकू, तुम्ही अजून बघू देता हिला झंझावात? फालतू झालंय ते. आमच्या वर्गात कुणी बघत नाही.”

“फालतू नाहीये,” एरवी जुई लगेच म्हणायची. आधी अशा बोलण्यावर ती ग्रीष्माच्या अंगावर धावून जायची. एकदा चावलीही होती. त्या शनिवारी ती बाहुलीचे केस विंचरत राहिली.

“फालतूच आहे,” ती म्हणाली. “बाबा आता नीट काम करत नाही.”

“अगं, तुझ्या बाबाने नाही बनवलं ते,” ग्रीष्मा म्हणाली. “पण आवाज का बदलला? काढलं का त्यांना?”

“काढलं नाही. तोच येत नाही. नुसता ओरडायला येतो.”

ग्रीष्माने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. मी घरोघरी जाऊन हात जोडून सांगितलं होतं की जुईसमोर काही बोलू नका. दहा वर्षांच्या मुलीने माझ्यासाठी ओठ गच्च मिटून घेतले. “मला घरी बोलावलंय,” म्हणाली आणि गेली.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत काय झालं ते मी नुसतं पाहत होते. पाहण्यात माझा हात कुणी धरला नसता. तिला किती शिंका आल्या, किती पोळ्या खाल्ल्या, झोपेत ती कोणत्या कुशीवर वळली, हे मला पाठ असायचं. रोज सहाला ती टीव्ही लावायची, झंझावात बोलत असताना वहीत काहीतरी गिरवत बसायची आणि मार पडायला लागला की मान वर करायची. आवाज यायचा. ती परत मान खाली घालायची. एकदा मी विचारलं, “काय गं, आवडत नाही तर बघतेस कशाला?”

“येतो का ते बघते.”

“कोण?”

तिने वही पुढे ओढून घेतली.

शाळेतल्या बाईंनी घरातली माणसं काढायला सांगितली, तेव्हा तिने दोन काढली. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तिला समजलंय वाटतं. चांगलं झालं.” मीही रिक्षातून उतरेपर्यंत तेच धरून चालले होते. घरी आल्यावर कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेले, तर नेहमीपेक्षा जड लागली. वर कांद्याची सालं होती, खाली यतीनच्या चपला. त्या दाराजवळच्या फळीवर होत्या, मी हलवल्या नव्हत्या.

“जुई, ह्या कुणी टाकल्या?”

“मी.”

“का?”

“त्याला यायचंच नाहीये ना आपल्याकडे.” ती दप्तरातला डबा काढत होती. “तो हैदराबादला नाहीये, आई. तू त्याची बाजू घेतेस म्हणून सांगत नाहीस. तो इथेच आहे, निनादकाकांकडे. रोज येतो. ओरडतो आणि जातो. मी घरी आहे हे त्याला माहितीये आणि तरी येत नाही.” डब्याचं झाकण तिला निघेना. ते तिने पोटाशी धरून ओढलं. “मला पण नकोय तो.”

सहा वर्षांच्या मुलीने सगळा पुरावा नीट मांडला होता. तो आवाज जिवंत माणसाचा, तो रोज कुठेतरी येतो, म्हणजे तो घरीही येऊ शकतो. येत नाही, म्हणजे त्याला यायचं नाही. यात चूक दाखवायची म्हटलं तर एकच होती आणि ती माझी होती.

मी चपला धुतल्या. गॅलरीत उन्हात ठेवल्या. मग तिला समोर बसवून घेतलं आणि सांगितलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ‘झोपला’ म्हटलं नाही, ‘देवाघरी गेला’ म्हटलं नाही. “बाबा मेला, जुई. मे महिन्यात. तू नाशिकला होतीस. त्याचं हृदय बंद पडलं. तो आता कुठेच नाही, म्हणून येत नाही.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी एखादी नवी युक्ती करत असताना पाहायची तसं.

“मग ओरडतो कोण?”

“ते जुनं आहे. आधी भरून ठेवलेलं.”

“खोटं.”

“खरं सांगतेय, बाळा.”

“हैदराबाद पण तू खरं म्हणून सांगितलंस.”

ती उठली, हात धुऊन आली, जेवायला बसली. व्यवस्थित जेवली. दुसऱ्या दिवशी सहाला तिने टीव्ही लावला.

मी निनादला फोन केला.

स्टुडिओ अंधेरीला एका इमारतीच्या तळघरात होता. शनिवारी दुपारी आम्ही दोघी तिथे गेलो. निनाद जिन्यापाशीच उभा होता. “ये जुई,” म्हणाला. त्याने दोन दारं उघडली, एकामागे एक. आत काचेपलीकडे छोटी खोली होती. भिंतींना करडा स्पंज, एक माईक, कागद ठेवायचा एक स्टँड, एक उंच स्टूल.

जुई काचेला नाक लावून उभी राहिली. मग आत गेली. स्टुलाखाली वाकून पाहिलं. पडदा बाजूला केला. मागे भिंत होती. दाराच्या मागे पाहिलं.

“इथून जायला दुसरं दार आहे?” तिने निनादला विचारलं.

“नाही गं.”

“मग तो कधी येतो?”

निनादने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने तिला खुर्चीवर बसवून खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. पडद्यावर हिरव्या रेघांचे झुपकेच झुपके होते.

“हे बघ. ही तारीख वाचता येते?”

“चौदा. तीन.”

“म्हणजे चौदा मार्च. तुमची होळी झाली त्याच्या आसपास. दुसऱ्या पर्वात मारामारी फार वाढली होती. रोज ओरडून बाबाचा घसा बसायचा. म्हणून आम्ही एका दिवशी सगळे मार भरून घेतले. आता जिथे लागेल तिथे यातला एक उचलून मी लावतो.” त्याने खुर्ची जराशी मागे घेतली. “मीच लावतो. नवीन दादा बोलतो बरा, पण मार खाताना तो खोटा वाटतो. आणि वहिनी, खरं सांगायचं तर, एवढं तरी यतीनचं राहू दे, असं वाटलं मला.”

त्याने बटण दाबलं.

“पोटात बुक्की,” यतीन म्हणाला. अगदी जवळून. माझा हात आपोआप पदराकडे गेला. “एक.” हुंक्. “दोन.” हुंऽक्. “दुसरा बरा आहे ना रे? ठेव. आता पाठ.” आवाज. “आता भिंतीवर.” आवाज. कागद उलटल्याची खसखस. “आता काय, पूल? निनाद, हा लांब घेतो, कितीतरी मजले खाली पडतोय तो. श्वास पुरला पाहिजे.”

मग तो पडला. तो आवाज खूप वेळ खाली जात राहिला आणि शेवटी तळाशी आपटला. पाठोपाठ खोकला. कोरडा, दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा. “थांब जरा,” यतीन म्हणाला. “पाणी दे. … हं. चल, पुढचा.”

तो खोकला मी घरी कधीच ऐकला नव्हता. मी, जी सगळं बघते.

जुई पडद्यावरच्या सरकत्या रेघेकडे बघत होती. रेघ सपाट व्हायची, मग झुपका यायचा. सपाट, झुपका. यतीन पुढच्या माराचं नाव सांगायचा आणि मार खायचा. पंधरा, सोळा, सतरा. कुठेतरी मध्ये तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले होते.

“काका, बंद करा,” ती म्हणाली.

निनादने बंद केलं.

“हे सगळं एकाच दिवशी?”

“हो. सकाळी दहापासून.”

“दमला असेल.”

“दमला होता. पण हसत होता.”

तिने त्यावर विचार केला. मग काचेपलीकडच्या स्टुलाकडे बघत म्हणाली, “तो मेला ना?”

“हो,” निनाद म्हणाला.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिला हे माझ्याकडून ऐकायचं नव्हतं आणि तिचं बरोबर होतं.

“मग त्याला आता मारू नका.”

संध्याकाळी सहा ते साडेसहा, त्यातली मिळून दहाबारा सेकंदं. माझ्या घरात यतीनचं तेवढंच येत होतं. ती टीव्ही बघायची तेव्हा मी तिला बघतेय असं दाखवायचे, पण कान माझेही तिथेच असायचे. मला ते हवं होतं. मी तिला समजावू शकले असते. ते जुनंच आहे, त्याला लागत नाही, राहू दे. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

“निनाद, काढता येईल?” मी विचारलं.

“पुढचे पाच भाग चॅनलकडे गेलेत, वहिनी. त्यानंतरचे नवीन दादाकडून करून घेतो.” तो थांबला. “तुम्हाला याची कॉपी देऊ का?”

“दे,” मी म्हणाले. त्याने दिली. जुई आता पंधरा वर्षांची आहे आणि ती कॉपी आमच्या दोघींपैकी कुणीही अजून लावलेली नाही.

पुढचा आठवडा जुईने टीव्ही लावला नाही. सहाला ती वर ग्रीष्माकडे जायची. त्या पाच संध्याकाळी मी एकटीने ते भाग पाहिले. शुक्रवारी शेवटचा मार एका दगडाचा होता, खांद्याला. मी आवाज मोठा केला होता. आखूड होता, झाला.

सोमवारी सहाला जुई बाहेरच्या खोलीत आली आणि टीव्हीपुढे मांडी घालून बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. भाग नेहमीसारखाच होता. रंग बदललेला तोच राक्षस, तोच पूल. झंझावाताला धक्का बसला, तो कठड्यावरून मागे गेला आणि खाली पडायला लागला. नव्या माणसाने आवाज काढला. लहान, घशातल्या घशात. पडणारा अजून अर्ध्या वाटेवर होता, तेवढ्यात त्याचा श्वास संपला. उरलेलं अंतर झंझावात मुकाच पडला.

जुईने माझ्याकडे पाहिलं. तळघरातून आल्यापासून पहिल्यांदा.

“ह्याला पडता येत नाही, आई.”

“शिकेल तो.”

“नाही शिकणार.” तिची हनुवटी हलायला लागली होती. “त्याला कोण शिकवणार?”

आणि ती रडली. मे महिन्यापासून माझी मुलगी ज्यासाठी रडली नव्हती, त्यासाठी ती त्या सोमवारी रडली. तोंड उघडं टाकून, श्वास पुरेपर्यंत, आणि मग पुन्हा श्वास घेऊन.